सेल्मरने राखलेली जागा

सेल्मर तोफ्तेला आमच्या गावाने मास्तरकीतून चार वेळा निरोप दिला. एवढा मान इथे पाद्र्यालाही मिळालेला नाही. त्याला एकदाच दिला आणि तो लगेच गेला.

शाळेच्या व्यायामशाळेत लांब टेबलं मांडायची, शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या डॉनाने दरवाजाएवढा केक करायचा, त्यावर निळ्या साखरेने ‘धन्यवाद सेल्मर’ लिहायचं, आणि ऑगस्ट लागला की शाळा मंडळाच्या दोघातिघांनी टोप्या हातात घेऊन त्याच्याच दारात उभं राहायचं. ‘तेवढं एकच वर्ष, सेल्मर.’ तिसऱ्या खेपेला डॉनाने धन्यवादाच्या आधी ‘पुन्हा एकदा’ लिहिलं. लोक हसले. सेल्मरही हसला असावा. मी त्याच्या मागे उभी होते, त्यामुळे मला हसू दिसलं नाही, मान दिसली. कॉलर दोन बोटं सैल झाली होती.

माझं आयुष्य माना बघण्यातच गेलं. मी अर्डिस, वेल्स्टाडमध्ये केस कापते. आधी बायकांचेच कापायची, पण गावचा न्हावी वारला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही, तेव्हापासून पुरुषांचेही कापते. खुर्चीत बसवलं, गळ्याला कापड बांधलं, डोक्यावर कोमट पाणी सोडलं की माणसाच्या पोटात काही राहत नाही. लोक मला चहाडखोर म्हणतात. दोष माझा नाही, पाण्याचा आहे.

सेल्मर वरच्या चारही वर्गांना गणित शिकवायचा, पदार्थविज्ञान शिकवायचा, रसायनही शिकवायचा, आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेकडची शाळेची बस चालवायचा. म्हणजे ज्या पोराला त्याने नापास केलं त्यालाच घरी सोडायची जबाबदारीही त्याची. जानेवारीत तळं गोठलं की तो सगळ्या वर्गाला बर्फावर न्यायचा. एका पोराला पार पलीकडच्या काठावर पाठवून लोखंडी नळीवर हातोडा मारायला लावायचा. बाकीच्यांनी दुर्बिणीतून हातोडा पडताना बघायचा, घड्याळ लावायचं आणि आवाज यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. नाकं लाल, बोटं बधिर, आणि बर्फाला भोक पाडून मासे धरणारे म्हातारे आपापल्या खोपट्यांतून ओरडतायत, ‘सेल्मर, अरे मासे पळतायत!’ सेल्मर म्हणायचा, ‘त्यांनाही शिकू दे की.’

एका वर्षी मारित लीन नावाची पोर बर्फावर उभी राहून म्हणाली, ‘सर, गेल्या आठवड्यापेक्षा आज आवाज रेंगाळला. थंडी जास्त आहे म्हणून का?’ फरक म्हणाल तर पापणी लवण्याएवढा. पण तिने तो पकडला. त्या शुक्रवारी सेल्मर माझ्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, ‘लीनांची पोरगी काही वाईट नाही.’

इथे थोडं थांबते. आमच्यात ‘काही वाईट नाही’ याच्या वर शब्द नाही. सेल्मरची बायको इनेझ, देव तिला सुखात ठेवो, लग्नाच्या दिवशी परीसारखी दिसत होती. तिच्या सासूने तिला नखशिखांत न्याहाळलं आणि ‘चालेल’ म्हणाली. इनेझ ते वाक्य मरेपर्यंत कौतुकाने सांगायची.

तर मारित. ती ग्रँड फोर्क्सच्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकली, मोठ्या शहरात नोकरी केली, आणि बाप अंथरुणाला खिळला तेव्हा नवरा-पोरांसकट परत आली. सहकारी कोठारात ती गव्हाचा ओलावा तपासायची. इतकी शिकलेली बाई दिवसभर मूठभर गहू यंत्रात टाकत बसते, हे सगळ्या गावाला खटकायचं, पण कोणी बोलायचं नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं की ही तात्पुरती सोय आहे. धाकटं पोर शाळेत जायला लागलं की मारित सेल्मरच्या जागी उभी राहणार. शिकवण्याचा परवाना काय, शिक्षकांच्या अशा टंचाईत सरकार लगेच देतं. हे मारितला ठाऊक होतं, सेल्मरला ठाऊक होतं, माझ्या कात्रीलासुद्धा ठाऊक होतं. दोघं मात्र एकमेकांशी याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत.

सेल्मर दर खेपेला परत का जायचा, ते आता कळलं असेल. पहिल्या वर्षी एकही अर्ज आला नव्हता. दुसऱ्या वर्षी ॲरिझोनाहून एक पोरगा आला. गोड होता. गाड्यांच्या तोंडातून लोंबणाऱ्या विजेच्या वायरी बघून मला म्हणाला, ‘बाई, इतक्या आडगावात सगळ्यांकडे विजेवरच्या गाड्या?’ बाळा, म्हटलं, त्या इंजिन गोठू नये म्हणून आहेत. त्याचा चेहरा पडला तो पडलाच. नोव्हेंबरात, सणाची टर्की कापायच्या आधीच, तो समीकरण फळ्यावर अर्धं सोडून गेला. ते उरलेलं अर्धं सेल्मरने सोडवलं. त्याच हिवाळ्यात इनेझ गेली. तळ्यावरच्या लाकडी घरात जाऊन राहायचं दोघांनी कधीपासून ठरवलं होतं. पडदे शिवून तयार होते. ते अजून माझ्याकडे पेटीत आहेत, कारण सेल्मरला ते घरात नको होते आणि फेकायचेही नव्हते.

मी तेव्हा त्याला म्हटलं, ‘अरे, सोड की आता. डॉक्टरने हृदयाचं सांगितलंय ना?’

‘सांगितलंय.’

‘मग?’

‘मारितचा धाकटा अजून चार वर्षांचाच आहे,’ तो म्हणाला आणि आरशात बघेना.

मग कॉलीनबाई आल्या. कॉलीन रूर्क, तीन गावांच्या शाळांची मोठी बाई, न्यू जर्सीची. बाई कामाला वाघीण. चालायची अशी की तिच्या मागे दारं आपोआप बंद व्हायची. मनाने चांगली होती, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही सगळं तिच्यावर ढकलाल. एप्रिलमध्ये ती थेट कोठारात गेली. ऑर्लिन तिथे ट्रक रिकामा करत होता, आणि ऑर्लिनच्या भुवया मीच कापते, म्हणून मला शब्दन् शब्द माहीत आहे.

‘मारित, सेल्मर निवृत्त होतायत. त्यांची जागा तुम्ही घ्याल का?’

मारित लाल झाली. हातातला गहू सांडला. म्हणाली, ‘अगं बाई! मी कुठली! सरांच्या जागी उभं राहायची माझी लायकी तरी आहे का? तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कोणीतरी मिळेल.’

‘नक्की?’

‘नाही नाही. बघा तुम्ही दुसरं कोणी.’

‘समजले. स्पष्ट बोललात, बरं वाटलं,’ असं म्हणून कॉलीनबाईंनी तिचा हात हातात घेतला, घट्ट दाबला आणि गेल्या.

ऑर्लिनने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघं खूश झालो. पहिलं ‘नको’ झालं! आता रांगेने पुढचं होणार. कारण आमच्याकडे कॉफी विचारली तर पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, म्हणजे विचारलेलं ऐकू आलं. दुसऱ्यांदा ‘कशाला त्रास’ म्हणायचं, म्हणजे आभारी आहे. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, अर्धा कप’, आणि त्याचा अर्थ काठोकाठ. पहिल्याच झटक्यात ‘हो’ म्हणणाऱ्याकडे आम्ही असं बघतो, जसं काही तो आपल्या हाताने फ्रीज उघडून आत बघतोय. लग्नाची मागणीसुद्धा अशीच घालतात. माझ्या नवऱ्याने दोनदाच विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत मी त्याच्या ट्रकमधून उतरलेच नाही.

त्या आठवड्यात मारितने स्वयंपाकघराला रंग दिला. तिची आई बर्निस सांगत होती की रोज संध्याकाळी रूबार्बच्या आंबट देठांच्या ताज्या वड्या झाकून ठेवलेल्या असतात आणि घरातल्या कोणाला हात लावू देत नाही. कॉलीनबाई दुसऱ्यांदा येतील तेव्हा घर नीट दिसायला नको?

कॉलीनबाईंनी सेल्मरलाही विचारलं. तो माझ्याकडे आला तेव्हा कानापर्यंत लाल होता.

‘अर्डिस, मी आज जरा वाहवत गेलो.’

‘काय केलंस रे?’

‘त्या बाईने विचारलं, मारित लीन कशी वाटते. मी म्हटलं, बरी आहे. काही वाईट नाही.’

‘एवढं बोललास?’

‘वर म्हटलं, तिच्याने जमेल.’ त्याने डोळे मिटले. ‘आपल्याच विद्यार्थिनीची इतकी तारीफ करायला नको होती. पण राहवलं नाही.’

‘तूच का नाही विचारत तिला?’

‘मी विचारलं तर ती नाही म्हणू शकेल का? मी तिचा शिक्षक आहे. मग ते विचारणं कसलं?’

कॉलीनबाईंच्या बाजूनेही बघा. बाई नकार देते, आणि जिच्याबद्दल विचारावं तिच्याविषयी जुना मास्तर खांदे उडवून ‘बरी आहे’ म्हणतो. त्यांनी पुढचं दार ठोठावलं. आणि माझं नशीब असं की ज्या दोन डोक्यांची मला गरज होती ती कधीच माझ्या खुर्चीत आली नाहीत. मारितची वेणी कमरेपर्यंत, तिला कात्री माहीत नाही. कॉलीनबाई केस कापायला शहरात जायच्या.

जूनच्या सभेला मी गेले होते. मी सगळ्या सभांना जाते. कॉलीनबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘जाहिरात दिली, एक अर्ज आला आणि मागेही घेतला गेला. स्थानिक उमेदवाराला विचारलं, तिने नकार दिला. तेव्हा मी एका कंपनीशी बोलले आहे. शिक्षक दूरच्या राज्यातून शिकवेल, वर्गात मोठा पडदा लावायचा. एक वर्षाचा करार आहे.’

मंडळाचा अध्यक्ष हार्लन याने टोपी गोल फिरवली. ‘हं,’ म्हणाला. ‘म्हणजे… तसं बघायला गेलं तर…’ आणि टोपीतच बघत बसला. चारचौघांत बाईला खोटं कोण पाडणार? सगळ्यांनी हात वर केले. प्रत्येकाला वाटत होतं की काहीतरी चुकतंय, आणि काय ते बाकीच्यांना माहीत असणारच.

मी बाहेर गाड्यांपाशी कॉलीनबाईंना गाठलं.

‘बाई, मारितने नकार कधी दिला?’

‘कोठारात. दोनदा म्हणाली.’

‘पण तुम्ही विचारलंत एकदाच.’

‘म्हणजे?’

मी सांगितलं. सगळं सांगितलं, कॉफीपासून. आधी त्यांना हसायला आलं, मग हसू गेलं. ‘म्हणजे ती वाट बघत होती?’

‘एप्रिलपासून. वड्या करून.’

‘आणि सेल्मर म्हणाले, बरी आहे…’

‘बाई, त्याने यापेक्षा मोठं वाक्य आयुष्यात उच्चारलेलं नाही.’

त्यांनी गाडीच्या टपावर कपाळ टेकलं. पण करारावर सही झाली होती, पैसे दिले गेले होते, एक वर्ष तो मोडता येत नव्हता. ‘पुढच्या वर्षी विचारते,’ त्या म्हणाल्या. ‘हवं तर दहादा विचारते.’

आमच्याकडे बातमीला पाय लागतात, हे मलाच जास्त ठाऊक. पडद्याची बातमी दुसऱ्याच सकाळी कोठारात पोचली. त्या पडद्यामागची गोष्ट मात्र पोचली नाही, कारण ती मी कॉलीनबाईंना सोडून कोणाला सांगण्याआधीच मारितने ‘मी त्यांना नकोच होते’ असा मनाशी अर्थ लावला होता. बर्निस सांगते, त्या संध्याकाळी तिने वड्या पोरांपुढे ठेवल्या. सगळ्या. पोरांना कळेना की आज कोणाचा वाढदिवस आहे. मी बर्निसला खरं काय ते सांगितलं, बर्निसने मारितला सांगितलं. मारित म्हणाली, ‘आई, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस.’

जुलैत मी सेल्मरला खुर्चीतून उठूच दिलं नाही. ‘आज जा आणि विचार तिला. एक वर्ष थांब म्हणावं. नाहीतर अर्धेच केस कापून पाठवते.’ तो गेला. अर्धेच कापले होते खरंच, दुसरी बाजू राहून गेली.

त्या स्वयंपाकघरात बर्निस होती, त्यामुळे पुढचं तिच्या तोंडचं. मारितने कॉफी विचारली. त्याने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. बराच वेळ पावसाचं झालं, गव्हाचं झालं.

मग सेल्मर म्हणाला, ‘शाळेत आता पडदा लावतायत म्हणे.’

‘हो, ऐकलं, सर.’

‘एक वर्षासाठीच आहे म्हणे.’

‘असं का.’

‘पुढच्या वर्षी कोणीतरी लागेलच.’

‘मिळेल ना कोणी चांगलं.’ मारितने त्याचा कप पुन्हा भरला.

सेल्मरने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर पडवीत गेली. तिथे खोकी होती, दोरीने बांधलेली, वर पोरांची नावं आणि फार्गोचा पत्ता लिहिलेला. फार्गोच्या एका प्रयोगशाळेला तिने होकार कळवला होता. नवरा पवनचक्क्या दुरुस्त करतो, त्याला इथे काय आणि तिथे काय. दिलेला शब्द मोडायला सांगणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने तोंड मिटलं, टोपी घेतली, आणि म्हणाला, ‘फार्गो काही वाईट नाही.’

त्याचा ट्रक वळणाआड गेला तेव्हा मारित खिडकीत उभी होती. ‘एकदा, आई,’ ती म्हणाली. ‘त्यांनी एकदा जरी विचारलं असतं, तर मी ती खोकी जाळली असती.’

सप्टेंबरात पडदा आला. पडद्यावरचा पोरगा बिचारा हुशार होता, पण कुठल्याशा गरम गावचा. त्याचा चेहरा मधूनच गोठायचा आणि आवाज पुढे जायचा. वर्गात एक मोठं माणूस हवं असा नियम, म्हणून सेल्मरला तासावर देखरेखीला ठेवलं. काम काय, तर पडदा चालू करायचा, बंद करायचा आणि मागच्या बाकावर बसायचं. शिकवायचं नाही, नाहीतर कंपनीचा क्रम बिघडतो. पोरांना काही अडलं की ती पडद्याला विचारायची, थांबायची, आणि मग सगळ्या माना एकदम मागे वळायच्या. सेल्मर मग खिडकीबाहेर बघायचा.

जानेवारीत तळं गोठलं. हार्लनच्या पोरीने त्याला विचारलं, ‘सर, हातोडा कधी?’ पण तासावरच्या माणसाला पोरं बर्फावर न्यायची परवानगी नव्हती, विम्याचा प्रश्न होता. त्या आठवड्यात तो एकटाच तळ्यावर गेला. खोपट्यातल्या म्हाताऱ्यांनी बघितलं. हातोडा मारायला पलीकडे कोणी नव्हतं. नुसता उभा राहिला आणि परत आला. त्या दिवशी कोणी मासे पळाल्याचं ओरडलं नाही.

मार्चमध्ये पडद्यावरच्या पोरानेही नोकरी सोडली. मंडळाने मग शेवटचं ठरवलं. सेल्मर आणखी एक वर्ष उभा राहिला, तर वरचे वर्ग गावात ठेवायचे. नाहीतर पोरं रोज बसने ग्रॅन्व्हिकच्या शाळेला जातील, आणि वरचे वर्ग एकदा गेले की खालचेही फार काळ टिकत नाहीत, हे आजूबाजूच्या गावांत सगळ्यांनी पाहिलंय. तिथल्या शाळांमध्ये आता ट्रॅक्टर ठेवतात.

मेमध्ये चौथा निरोप होता, तिथेच त्याला विचारायचं ठरलं. डॉनाने केकवर काहीच लिहिलं नाही. काय लिहायचं ते ठरेना, म्हणाली. मी कॉलीनबाईंना नीट शिकवून तयार केलं होतं. घाई करायची नाही, आवाज वाढवायचा नाही, तीन वेळा.

त्या हातात ताटली घेऊन त्याच्यापाशी गेल्या. ‘सेल्मर, आणखी एक वर्ष शिकवाल का?’

‘नको हो. वय झालं आता.’

ऑर्लिनने मला डोळा मारला. हार्लनने टोपी खाली ठेवली.

‘तुमच्याशिवाय वरचे वर्ग जातील, सेल्मर.’

‘कशाला उगीच त्रास.’

सगळी व्यायामशाळा सैलावली. डॉनाने सुरीसुद्धा उचलली, पहिला तुकडा त्याला द्यायला. कॉलीनबाईंनी ताटली टेबलावर ठेवली, त्याच्यासमोर बसल्या, आणि खरोखर आमच्यासारखं, हळू आवाजात, टेबलक्लॉथकडे बघत विचारलं, ‘एकच वर्ष. शिकवाल ना?’

सेल्मरने त्यांच्याकडे बघितलं. मी मागेच होते. मान वाळलेल्या दांड्यासारखी झाली होती, आणि मला कळलं, आता त्याने जागा राखायची तरी कोणासाठी.

‘नको, कॉलीन,’ तो म्हणाला.

मग टोपी उचलत, ‘ग्रॅन्व्हिकच्या रस्त्यावर पुलापाशी बर्फ साचतो. वरून दिसत नाही. बसवाल्याला सांगून ठेवा.’

तिसरं ‘नको’ मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. कोणीच ऐकलं नव्हतं. त्याच्यापुढे काय करायचं असतं ते आमच्यात कोणाला माहीत नव्हतं, कारण तिथवर कधी कोणी गेलंच नव्हतं. कॉलीनबाई माझ्याकडे बघायला लागल्या, जसं काही मी त्यांना एक पायरी कमी शिकवली होती. डॉना सुरी धरून उभी होती. शेवटी तिने केक कापला, आणि आम्ही तो उभ्याउभ्या खाल्ला.

एक तुकडा उरला. आमच्याकडे शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही. कोणीतरी येऊन त्याचा अर्धा कापून घेतो, मग दुसरा त्याच्या अर्ध्याचा अर्धा. त्या दिवशी त्याचा अर्धाही कोणी घेतला नाही. टेबलं आवरली, खुर्च्या रचल्या, दिवे घालवले. डॉनाने ताटली तशीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून शाळेच्या फ्रीजमध्ये ठेवली, सोमवारी कोणीतरी खाईल म्हणून.